कारागिराने गिऱ्हाईक शोधावे काय?



ज्याच्या हातात कसब आहे त्याने आपल्या वस्तूला गिऱ्हाईक शोधत हिंडावे, की काम चोख करून स्वस्थ बसावे आणि पुढचे पांडुरंगावर सोपवावे? ऐकताना हा प्रश्न बाजारातला वाटतो. एखादा म्हणेल, बुवा, तुम्ही आता म्हातारपणी दुकानदारीच्या गोष्टी कशाला सांगता? परंतु आपल्या संप्रदायात हा प्रश्न परमार्थाच्या उंबरठ्यावरच उभा आहे. आपली संतमंडळी कोण होती ते आठवा. नामदेवराय शिंपी, गोरोबाकाका कुंभार, नरहरी महाराज सोनार, सावतोबा माळी, सेना महाराज न्हावी आणि तुकोबाराय स्वतः वाणी. यांतल्या एकानेही धंदा टाकून भक्ती करा असे सांगितले नाही. धंदा म्हटला की गिऱ्हाईक आले, आणि गिऱ्हाईक आले की खरे-खोटे, लोभ-समाधान, मान-अपमान हे सगळे पाठोपाठ आले. तेव्हा विचार करायलाच हवा.

आमच्या भागात एक सुतारबाबा आहेत. नाव सांगण्याचे कारण नाही. चिपळ्या, पोळपाट, रवी, देव्हारे आणि लहान मुलांचे पांगुळगाडे करतात. हात असा की लाकडावरून बोट फिरवले तर कुस लागत नाही. पण घरात माल पडून राहतो. त्यांचे म्हणणे, "बुवा, वस्तू चांगली असली की लोक आपण होऊन येतात. स्वतःच्या तोंडाने सांगत सुटणे म्हणजे आत्मस्तुती. ते आपल्याला शोभत नाही." त्यांचा मुलगा शेजारीच बसलेला. तो म्हणाला, "आबा, पण ती वस्तू आहे हेच लोकांना ठाऊक नाही, मग येतील कुठून?" मुलाला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात नोकरी लागण्याची बोलणी चालली होती. तो गेला तर रंधा खुंटीला लागणार हे दोघांनाही कळत होते. एका घरातली तीन पिढ्यांची विद्या या एका प्रश्नाशी येऊन थांबली होती.

आबा असे का म्हणतात, याचे कारण गावगाड्यात सापडते. बारा बलुतेदारांत सुतार पहिल्या ओळीतला. नांगर, वखर, पाभर, गाडीचे जू, घराचे आढे हे सगळे त्याच्या हातचे. वर्षभर त्याने शेतकऱ्याची अवजारे नीट ठेवायची आणि खळे झाले की आपल्या वाट्याचे धान्य न्यायचे. आबांच्या आजोबांनी आयुष्यात गिऱ्हाईक शोधले नाही, कारण गिऱ्हाईक जन्मापासून बांधलेलेच होते. त्या व्यवस्थेत गुणही होते आणि दोषही. सुताराला उपाशी राहावे लागत नसे. पण कोणी काय करावे हे जन्माने ठरत असे, आणि शेवटच्या ओळीतल्या माणसाच्या पदरात उरलेसुरलेच पडे. ते काही असो, तो गावगाडा आता मोडला. लोखंडी नांगर आला, मग ट्रॅक्टर आला, गाडीला रबरी धावा आल्या. खळ्यावरचे बलुते गेले.

इथे एक गंमत लक्षात घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा त्यांनाही गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीला विष बाधेल अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले काही नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तो नांगर घरोघर गेला. म्हणजे ज्या लोखंडाने लाकडाला हटवले, त्या लोखंडालाही एके काळी दारोदार जाऊन आपली ओळख सांगावी लागली होती. आज परके झाले आहे ते लाकूड. जो परका झाला त्याने ओळख सांगायची असते, यात कमीपणा कसला?

आबांच्या पिढीला जी गोष्ट व्यवस्थेमुळे मिळत होती, तिला ते स्वतःचे वैराग्य समजत होते. आजोबा घरी बसून राहत, कारण धान्य घरी येत असे. आज घरी बसून राहणे ही तीच गोष्ट नव्हे. कधीकधी त्यात एक सूक्ष्म अहंकारही असतो. माझी वस्तू अशी की जगाने माझ्या दाराशी यावे, हा तो अहंकार. आणि त्याच्याही तळाशी भीती असते की आपण होऊन गेलो आणि समोरच्याने नको म्हटले तर? वारकऱ्याला ही भीती शोभत नाही. आपल्याकडे माधुकरी मागणारा विद्यार्थी पाच घरी उभा राहतो, दोन घरी पुढे जा ऐकतो आणि तरी तोंडातले नाम सोडत नाही. माधुकरीत तर नुसते घ्यायचे असते. कारागीर दारात उभा राहतो तो काही देण्यासाठी. मग त्याने मान खाली का घालावी?

आता पूर्वपक्ष पुढे येतो. कोणी म्हणेल, फळाची आशा धरू नये असे गीता सांगते, मग गिऱ्हाइकाची वाट पाहणे ही फळाची आशाच झाली. याचे उत्तर शेताच्या बांधावर मिळते. शेतकरी पेरतो, राखतो, मळतो आणि धान्य गाडीत घालून बाजारी नेतो. बाजारी नेणे हाही त्याच्या कर्माचाच भाग आहे. पीक खळ्यात कुजू दिले तर त्याला कोणी निष्काम म्हणणार नाही. कर्म अर्धे सोडले असेच म्हणतील. चिपळी भजनात वाजली की तिचे काम पुरे होते. पांगुळगाड्याला धरून मूल पहिले पाऊल टाकते तेव्हा तो खरा तयार होतो. तोवर ते नुसते घडवलेले लाकूड. माउलींनी अठराव्या अध्यायात स्वकर्मालाच ईश्वराची पूजा म्हटले आहे. पूजेचे फूल ओंजळीतच धरून ठेवले तर पूजा झाली असे कसे म्हणावे? ज्याच्यासाठी ते आहे त्याच्यापर्यंत ते पोचले पाहिजे. फळाची आशा सोडणे म्हणजे मिळेल त्याने फुगून न जाणे आणि न मिळाल्याने खचून न जाणे. तिथे चालणे थांबवायला सांगितलेले नाही.

दुसरा पूर्वपक्ष नामदेवरायांच्या कथेचा. ही कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. दामाशेटींनी नामदेवरायांना कापड विकायला बाजारात पाठवले. त्यांचे चित्त पांडुरंगापाशी. माल विकला नाही, आणि येताना वाटेतल्या धोंड्यांना ते कापड देऊन एका धोंड्याला जामीन म्हणून घरी आणले. वडील रागावले. पुढे त्या धोंड्याचे सोने झाले. यावरून काही जण म्हणतात, पहा, भक्ताला विकण्याची चिंता करावी लागत नाही.

मी या कथेवर अनेक वर्षे बोललो आहे आणि मला तिच्यात दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की दामाशेटींचा राग कथेने झाकलेला नाही. घरात खाणारी तोंडे आहेत, बाप रागावणारच. देवालाही त्या घराची भूक दिसली, म्हणून तर धोंड्याचे सोने झाले. दुसरी गोष्ट फार गोड आहे. नामदेवराय दगडाला उधार देतात खरे, पण जामीन घेतल्याशिवाय देत नाहीत. तल्लीनतेतही व्यवहाराची रीत त्यांनी मोडली नाही. ज्याची तल्लीनता त्या तोलाची असेल त्याने दगडाला माल द्यावा. आपण इतर सर्वांनी माणसाकडे जावे.

तिसरी कथा तुकोबारायांची. महिपतीबोवांनी चरित्रात ती सांगितली आहे. तुकोबा मिरच्या घेऊन कोकणात विकायला गेले. घाट उतरून, माल वाहून नेला, हे ध्यानात घ्या. घरी बसले नाहीत. तिथे लोकांनी आपल्याच हाताने मापून मिरच्या नेल्या, यांनी कोणावर अविश्वास दाखवला नाही. बाकी उरलेले पैसे विठ्ठलाने वसूल करून दिले. पण परतीच्या वाटेवर एक ठक भेटला आणि त्याने पितळेची कडी सोन्याचा मुलामा देऊन तुकोबांच्या गळ्यात मारली. या कथेत विकणारे दोन आहेत. एकाने घाट उतरून गिऱ्हाईक गाठले आणि खरा माल दिला. दुसऱ्याने वाटेत गिऱ्हाईक गाठले आणि खोटा माल दिला. दोघांनीही गिऱ्हाईक शोधलेच. पाप शोधण्यात नव्हते, ते मुलाम्यात होते. आपल्या प्रश्नाचा निकाल मला या कथेत लागलेला दिसतो. शोधावे. पण मुलामा देऊ नये.

आता शोधावे ते कसे? याचे उत्तर नरहरी महाराजांच्या दुकानात आहे. एका सावकाराने विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा करायला सांगितला. नरहरी महाराज कट्टर शिवभक्त, विठ्ठलाचे तोंड पाहायला तयार नाहीत. सावकाराने माप आणून दिले, त्यावरून करगोटा केला. एकदा मोठा झाला, एकदा लहान झाला. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून ते देवळात गेले, स्वतःच्या हातांनी कंबर चाचपली, आणि पुढे हरी-हर एकच असल्याचा अनुभव आला. या कथेतला अद्वैताचा भाग आपण नेहमी सांगतो. पण त्यात कारागिराचाही एक धडा आहे. पैसे देणारा एक आणि वस्तू वापरणारा दुसरा असतो. सावकार पैसे देणारा, विठ्ठल नेसणारा. पैसे देणाऱ्याचे ऐकून जी वस्तू होते ती सैल किंवा घट्ट होते. वापरणाऱ्याला हात लावला की ती बरोबर बसते.

हे सुतारकामाला तंतोतंत लागू आहे. पांगुळगाड्याचे पैसे आजोबा देतात, पण तो धरतो नातू. त्याची दांडी मुलाच्या छातीच्या उंचीला असायला हवी. चिपळीचे पैसे भजनी मंडळ देते, पण अंगठा असतो टाळकऱ्याचा. नांगर धरलेल्या शेतकऱ्याचा अंगठा आणि शाळकरी पोराचा अंगठा एका भोकात कसा बसेल? यंत्रावरच्या चिपळीला सगळ्यांसाठी एकच भोक. हाताने करणारा मात्र अंगठा पाहून कोरू शकतो. हीच त्याची खरी जाहिरात आहे, आणि ती करण्यासाठी त्याला त्या अंगठ्यापर्यंत जावेच लागते. म्हणजे गिऱ्हाईक शोधणे हे काम संपल्यानंतरचे काम नव्हे. ते कामाच्या आधीचे काम आहे. कोणासाठी करतो हे कळल्याशिवाय वस्तू नीट होत नाही.

मग चिपळीचा धनी कुठे भेटतो? पुष्कळ जण वारीच्या गर्दीत पाल ठोकतात. तिथे माणसे लाखो, पण वारकऱ्याच्या पाठीवर आधीच पडशी आहे, चालायचे पंढरपूरपर्यंत आहे. तो ओझे वाढवत नाही. आणि ज्याला चिपळी वाजवता येते त्याने ती घरूनच आणलेली असते. खरी गरज गावातल्या सप्ताहाच्या आधी निर्माण होते. मंडळात नवीन पोरे येतात, जुन्या झांजा सैल होतात. आळंदीला वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी १९१७ साली स्थापली. तिथे आणि तशाच इतर ठिकाणी खेड्यापाड्यांतून विद्यार्थी शिकायला येतात. त्यांना वाद्ये लागतात. गर्दी आणि गिऱ्हाईक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विठ्ठलाच्या दारी गर्दी पुष्कळ असते, पण देव ज्याची वाट पाहतो तो एखादा पुंडलिक असतो. कारागिरानेही तसेच पाहावे.

आपल्या महाराष्ट्रात लाकडाच्या कामाने गावांची नावे झाली आहेत. मिरजेला दीडशेहून अधिक वर्षे तंबोरे आणि सतारी घडतात. त्यांचे भोपळे मंगळवेढ्याकडून येतात, म्हणजे चोखोबांच्या आणि कान्होपात्रेच्या भूमीतून. तो भोपळा निवडणारा कारागीर वाजवणाऱ्याला समोर बसवून जवारी काढतो, त्याच्या सुराला लावून देतो. तिथे गायक आणि कारागीर यांची नाती पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण विकल्यावर संबंध संपला नाही. तार तुटली, जवारी बसली की गायक परत त्याच दारी. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा साधा अर्थ असा की मिरजेचे नाव दुसऱ्याने आपल्या मालावर लावू नये. मुलाम्यावर कायद्याने घातलेला हा बांध आहे.

सावंतवाडीची चितारआळी पहा. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची फळे, भाजीपाला, भातुकली तिथे होते. गंजिफा आणि लाखकामाची कला मोडकळीला आली तेव्हा १९७० च्या दशकात तिथल्या राजेसाहेबांनी आणि राणीसाहेबांनी राजवाड्यातच कारागिरांना बसायला जागा दिली आणि त्यांच्या कामाला देशोदेशी गिऱ्हाईक मिळवून दिले. त्यांनी कारागिरांना नुसते दान दिले असते तर ते चार महिने जेवले असते. काम मिळवून दिले म्हणून विद्या जगली. ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याने दुसऱ्याच्या कसबासाठी ते खर्च करावे, हा सत्पात्री दानाचाच प्रकार मी मानतो.

आता मर्यादेकडे येतो. आमच्या सुतारबाबांकडे एक व्यापारी आला होता. म्हणाला, सगळ्या चिपळ्या उचलतो, दामही चांगला देतो. फक्त त्यांवर आळंदीच्या अजानवृक्षाच्या लाकडाच्या असे लिहू. आबांनी हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, ही बाभूळ आहे. बाभूळ म्हणून न्यायची असेल तर न्या." व्यापारी गेला तो परत आला नाही. त्या वर्षी घरात ओढ होती, तरी आबांनी माउलींच्या समाधीवरचा वृक्ष विकला नाही.

यात सिद्धांत काय? हाताचे आहे ते विकावे. नामाचे आहे ते विकू नये. लाकूड, वेळ, कसब हे कारागिराचे स्वतःचे. त्यांचा दाम मागण्यात संकोच नको. पण देवावरची श्रद्धा ही गिऱ्हाइकाची ठेव आहे. तिचा भाव लावून बाभळीची किंमत वाढवणे म्हणजे दुसऱ्याच्या ठेवीवर आपण व्याज खाणे. तुकोबारायांनी कीर्तनाचे मोल घेऊ नये म्हणून आम्हा कीर्तनकारांना बजावले ते याच कारणाने. चिपळी विकता येते. तिच्यातून निघणारा नामघोष कोणाच्याच मालकीचा नाही.

म्हणूनच मुलाने जेव्हा विनंती केली, की बुवा, कीर्तनात आबांच्या चिपळ्यांचे दोन शब्द सांगा, तेव्हा मी नाही म्हटले. नारदांच्या गादीवरून फक्त हरीचे नाव सांगायचे. पण काला झाला, फेटा उतरवला, आणि मी आबांचा हात धरून मंडपाबाहेर टाळकऱ्यांमध्ये नेऊन बसवले. "हे चिपळ्या करतात, अंगठा दाखवा," एवढेच बोललो. गादीवर असताना जे वर्ज्य होते ते जमिनीवर आल्यावर कर्तव्य झाले.

मुलगा मोबाइलवर चित्रे काढून पाठवतो. त्यालाही मी एवढेच सांगितले की चित्र हाही शब्दच आहे. गाठ असलेली बाजू झाकून काढलेले चित्र खोटे बोलते. लाकडात गाठ असेल तर गाठ दाखव, आणि ती तिथे असूनही वस्तू का टिकेल ते सांग. आपल्या वस्तूविषयी खरे सांगणे ही आत्मस्तुती होत नाही. ही शिसवाची आहे, वजनाला जड, आवाज खणखणीत. ती सागाची, हलकी, तासभर धरली तरी मनगट दुखत नाही. हे सांगितले नाही तर घेणारा फसेल. तिथे गप्प बसणे हाच दोष ठरतो.

शेवटी दोन शब्द घेणाऱ्यांसाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी. आपण देवळात जातो आणि पेटीत नोट टाकताना आकडा पाहत नाही. बाहेर येऊन लाकडी खेळणे घेताना मात्र वीस रुपयांसाठी पाव तास घासाघीस करतो. पेटीतल्या नोटेने पुण्य लागेल अशी आशा असते. कारागिराला दिलेल्या नोटेने एका घराचा रंधा चालू राहतो, हे दिसत नाही. समजा एका चिपळीच्या जोडीला अर्धा दिवस लागला. लाकूड, झांजा आणि पॉलिश यांचा खर्च वजा करा आणि उरेल ते रोजंदारीच्या निम्म्याशी ताडून पहा. कमी भरत असेल तर आपण घासाघीस करून त्याच्या मुलाला कारखान्याची वाट दाखवतो आहोत. कारखान्याची नोकरी वाईट नाही. पण ती त्याने आवडीने धरावी, आपल्या वीस रुपयांनी ढकलला जाऊन नव्हे.

आमच्या भागातला तो मुलगा नोकरीला लागला. पाळी संपवून आला की आबांशेजारी बसतो, आणि सप्ताहाच्या दिवसांत रजा टाकून पिशवी घेऊन गावोगाव जातो. काही गावी चार जोड्या जातात, काही गावी एकही नाही. रंधा अजून खुंटीला लागलेला नाही, एवढेच आज खात्रीने सांगता येते. एका गावातून तो रिकाम्या हाताने आला तेव्हा आबांनी विचारले, "नको म्हणाले का रे?" तो म्हणाला, "आबा, नको म्हणाले, पण अंगठे मोजून आणलेत." मला वाटते, विक्रीची विद्या त्याला कळली आहे, आणि तिच्यात परमार्थाला बाधेल असे काही नाही.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल.